मतदार यादीत आपले नाव : कोल्हापूर जिल्ह्यात नोंदणी, पात्रता आणि दुरुस्ती

प्राथमिक शिक्षक म्हणून नोकरी करत असताना मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘बीएलओ’चे काम माझ्याकडे अनेक वर्षे होते. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर मतदार साहाय्य कक्षात यादी घेऊन बसायचे आणि येणाऱ्याला भाग क्रमांक व अनुक्रमांक काढून द्यायचा, एवढेच त्या दिवसाचे काम असे. परंतु दर निवडणुकीत असे काही जण समोर उभे राहत, की ज्यांच्या हातात मतदार छायाचित्र ओळखपत्र होते आणि यादीत मात्र नाव नव्हते. कोणी दहा वर्षांपूर्वी शिवाजी पेठेतले भाड्याचे घर सोडून पाचगावला स्वतःच्या घरात राहायला गेलेले असत, कोणी लग्न होऊन गडहिंग्लजहून कोल्हापुरात आलेल्या असत. “कार्ड तर आहे की माझ्याकडं,” असे ती माणसे म्हणत, आणि त्या दिवशी त्यांच्यासाठी कोणालाही काहीही करता येत नसे.

१९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे ज्याचे नाव त्या मतदारसंघाच्या यादीत आहे त्यालाच मत देता येते. ओळखपत्र केवळ ओळख पटवते. मताचा हक्क यादीतल्या नोंदीतून येतो. म्हणूनच एखाद्याचे ओळखपत्र हरवले असले आणि यादीत नाव असले, तर आयोगाने मान्य केलेले आधार, पारपत्र, वाहन चालविण्याचा परवाना यांसारखे दुसरे ओळखीचे कागद दाखवून तो मत देऊ शकतो; उलट यादीत नाव नसेल तर कोणतेही ओळखपत्र उपयोगी पडत नाही. हे एकदा नीट समजले की नोंदणीचे काम नेमके कोणते आणि ते कधी करायचे, याबद्दलचा बराचसा गोंधळ आपोआप कमी होतो.

पात्र कोण

भारतीय नागरिकत्व, अर्हता दिनांकाला पूर्ण झालेली १८ वर्षे आणि त्या मतदारसंघातले सर्वसाधारण वास्तव्य या तीन अटी पुऱ्या झाल्या, आणि कायद्याने ठरवलेली कोणतीही अपात्रता नसली, की माणूस नोंदणीस पात्र होतो. शिक्षण, मालमत्ता, कर भरल्याची पावती यांपैकी कशाचीही अट नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३२६ने प्रौढ मताधिकार दिला तो या कशाकडेही न पाहता दिला. सुरुवातीला वयाची अट २१ वर्षांची होती. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने ती १८ वर आणली आणि २८ मार्च १९८९पासून हा बदल लागू झाला.

‘अर्हता दिनांक’ हा शब्द यादीच्या पहिल्या पानावर असतो आणि बहुतेक जण तो वाचत नाहीत. पूर्वी १ जानेवारी हा एकच दिनांक होता, त्यामुळे २ जानेवारीला अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्या मुलाला जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार दिनांक झाले आणि ही व्यवस्था २०२२पासून अमलात आली. ज्या मुलीचा जन्म मे महिन्यातला आहे ती अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर त्याच वर्षीच्या १ जुलैला पात्र होते. ज्याचा वाढदिवसच १ जुलैला आहे तोही त्याच दिवशी पात्र ठरतो. शिवाय सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज भरता येतो, आणि तो अर्ज त्या त्या तिमाहीच्या अर्हता दिनांकानंतर निकाली काढला जातो. बारावीच्या वर्गातली बरीच मुले या वयाची असतात. कनिष्ठ महाविद्यालयांनी प्रवेशाच्या वेळीच वर्गात अर्ज भरून घेतले तर पुढची धावपळ वाचेल, असे माझे अनुभवाअंती ठाम मत आहे; कारण एकदा मुले पुण्या-मुंबईला गेली, की घरच्यांनी कितीही सांगितले तरी हे काम मागे पडते.

अपात्रतेची कारणे मोजकी आहेत. जी व्यक्ती भारताची नागरिक नाही, जिला सक्षम न्यायालयाने विकल मनाची म्हणून घोषित केले आहे, किंवा निवडणुकीतील भ्रष्ट आचरण अथवा निवडणूकविषयक गुन्ह्यांच्या कायद्याखाली जिला मतदानास अपात्र ठरवले आहे, अशाच व्यक्तीची नोंदणी नाकारता येते. यातला ‘न्यायालयाने घोषित केले आहे’ हा भाग महत्त्वाचा आहे. घरात मानसिक आजाराचे उपचार चालू असलेली व्यक्ती असली म्हणजे तिचे नाव नोंदवायचे नाही, असे अनेक कुटुंबे धरून चालतात. मी घरोघरी जात असताना दारातूनच “तिचं काही लिहू नका” असे सांगितले गेल्याचे मला आठवते. न्यायालयाचा तसा आदेश नसेल तर ती व्यक्ती पूर्णपणे पात्र असते. तुरुंगात असलेल्या माणसाचे नाव त्या कारणाने यादीतून जात नाही. कोठडीत असेपर्यंत त्याला मत देता येत नाही, एवढेच.

राहता पत्ता म्हणजे काय

सर्वांत जास्त वाद आणि सर्वांत जास्त चुका या एका प्रश्नावर होतात, म्हणून येथे थोडे थांबतो. १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २० सांगते, की एखाद्या मतदारसंघात केवळ घर मालकीचे आहे किंवा ताब्यात आहे म्हणून माणूस तेथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. आणि त्याच कलमात असेही आहे, की राहत्या जागेपासून तात्पुरता दूर गेल्याने त्याचे तेथले वास्तव्य संपत नाही. या दोन वाक्यांत आपल्या जिल्ह्यातले बहुतेक प्रश्न सुटतात.

राधानगरी तालुक्यात वाडवडिलांचे घर आणि शेती आहे, सातबारावर नाव आहे, पण कुटुंब वीस वर्षे राजारामपुरीत राहते, तर नोंदणी राजारामपुरीच्या पत्त्यावर व्हायला हवी. गावच्या ग्रामपंचायतीत आपले मत असावे ही ओढ मी समजू शकतो. परंतु कायदा मन कोठे आहे ते विचारत नाही, चूल कोठे पेटते ते विचारतो. उलट, बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला आलेले मजूर हंगाम संपला की परत जातात, त्यांचे घर तिकडेच असते आणि म्हणून त्यांची नोंदणीही तिकडेच राहते. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर काम करणारे अनेक कामगार मात्र दुसऱ्या राज्यांतून येऊन वर्षानुवर्षे, बायकामुलांसह येथेच राहतात. ते इचलकरंजीचे सर्वसाधारण रहिवासी आहेत आणि त्यांना येथे नोंदणी करण्याचा पूर्ण हक्क आहे. मात्र मूळ गावचे नाव तसेच ठेवून येथे दुसरे नाव लावता येत नाही.

पुण्यात नोकरी करणारी आपली मुले हा तिसरा प्रकार. सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी गेलेला मुलगा कोल्हापूरचाच मतदार राहतो. परंतु हिंजवडीत सदनिका घेऊन संसार थाटलेला मुलगा फक्त सणाला आणि मतदानाला घरी येतो म्हणून येथला रहिवासी होत नाही, आणि त्याने तिकडे नाव हलवावे हेच योग्य आहे.

विद्यार्थ्यांना यात थोडी सवलत आहे. शाहू महाराजांनी १९०१पासून वसतिगृहांची जी परंपरा या शहरात सुरू केली तिच्यामुळे आणि १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठामुळे सांगली, सातारा, कोकण आणि सीमाभागातली हजारो मुले येथे राहून शिकतात. मान्यताप्राप्त संस्थेत किमान एक वर्षाचा अभ्यासक्रम करणाऱ्या विद्यार्थ्याला आईवडिलांच्या घरच्या पत्त्यावर किंवा वसतिगृहाच्या अथवा खोलीच्या पत्त्यावर, यांपैकी एका ठिकाणी नाव नोंदवता येते. वसतिगृहाचा पत्ता देताना संस्थेच्या प्रमुखाचे प्रमाणपत्र जोडलेले चांगले. दोन्हीकडे नाव ठेवण्याची सवलत मात्र कोणालाही नाही.

सैन्यात असलेल्यांची व्यवस्था वेगळी आहे. आपल्या जिल्ह्यात घरटी एक जवान असलेली गावे आहेत, त्यामुळे हे सांगणे आवश्यक वाटते. जवान आपल्या गावच्या पत्त्यावर ‘सेवा मतदार’ म्हणून त्याच्या युनिटमार्फत नोंदणी करू शकतो आणि मग त्याला टपाली मतपत्रिका मिळते. त्याच्यासोबत राहणारी त्याची पत्नीही सेवा मतदार होऊ शकते. परंतु मुले होऊ शकत नाहीत, त्यांनी नेहमीसारखाच अर्ज भरायचा असतो. परदेशात नोकरीला असलेला पण भारतीय नागरिकत्व कायम असलेला माणूस पारपत्रावरच्या भारतातील पत्त्यावर नमुना क्रमांक ६-अ भरून नोंदणी करू शकतो. मतदानाला मात्र त्याला मूळ पारपत्र घेऊन स्वतः यावे लागते. ज्याला घरच नाही, जो बसस्थानकाच्या आडोशाला किंवा पुलाखाली झोपतो, त्याच्याकडे पत्त्याचा कागद मागितला जात नाही. अर्जात दिलेल्या जागी तो खरोखर रात्री झोपतो का, हे बीएलओने जाऊन पाहायचे असते. या तरतुदीची माहिती फार थोड्यांना आहे, आणि ती असायला हवी.

सीमाभागाबद्दल स्पष्ट बोलतो. कागल, चंदगड, गडहिंग्लज, शिरोळ या तालुक्यांना कर्नाटक लागून आहे, सोयरिकी आणि शेती दोन्ही बाजूंना आहेत, आणि निपाणीकडे एक व इकडे एक अशी दोन नावे असलेली माणसे आहेत. १९५०च्या त्याच कायद्याच्या कलम १७ प्रमाणे एका माणसाचे नाव दोन मतदारसंघांत असू शकत नाही, आणि कलम १८ प्रमाणे एकाच मतदारसंघात दोनदा असू शकत नाही. अर्जावर आपण सही करून ‘माझे नाव अन्य कोठेही नाही’ असे प्रतिज्ञापूर्वक सांगतो, आणि हे जाणूनबुजून खोटे सांगितल्यास कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अनवधानाने दोन नावे राहिली असतील, तर जेथे आपण राहत नाही तेथले नाव स्वतः अर्ज करून कमी करून घ्यावे.

नमुना सहा की नमुना आठ

मी पाहिलेल्या दुबार नावांपैकी बहुतेक नावे कोणाच्या कपटामुळे नव्हे, तर चुकीचा अर्ज भरल्यामुळे झालेली होती. नमुना क्रमांक ६ हा केवळ आयुष्यात प्रथमच नाव नोंदवणाऱ्यासाठी, किंवा ज्याचे जुने नाव यादीतून कमी झाले आहे त्याच्यासाठी आहे. ज्याचे नाव देशात कोठेही आधीपासून यादीत आहे त्याने पत्ता बदलण्यासाठी नमुना क्रमांक ८ भरायचा. पूर्वी दुसऱ्या मतदारसंघात गेल्यास नमुना ६च भरावा लागे, आणि ती जुनी सवय लोकांच्या, काही ठिकाणी अर्ज भरून देणाऱ्या दुकानांच्याही मनातून अजून गेलेली नाही. ऑगस्ट २०२२पासून नवे नमुने आले आणि स्थलांतर, नावातली किंवा जन्मतारखेतली दुरुस्ती, हरवलेल्या किंवा खराब झालेल्या ओळखपत्राच्या बदल्यात नवे ओळखपत्र, आणि दिव्यांगत्वाची नोंद, ही चारही कामे नमुना ८मध्ये आली. २०१९ आणि २०२१च्या महापुरांत चिखली, आंबेवाडी, शिरोळकडच्या अनेक घरांतले कागद भिजून गेले. ओळखपत्र वाहून गेले म्हणून अशा माणसाने नव्याने नमुना ६ भरायचा नसतो, कारण यादीतले त्याचे नाव कोठेही गेलेले नसते.

नमुना क्रमांक ७ नाव वगळण्यासाठी किंवा एखाद्या नोंदीवर हरकत घेण्यासाठी आहे. घरात कोणी वारले की कुटुंबाने मृत्यूच्या दाखल्याच्या प्रतीसह तो भरावा. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही, ते मी जाणतो. परंतु दाखला काढताना त्याची एक प्रत त्यासाठी बाजूला ठेवली तर पुढे सोपे जाते. दुसऱ्याच्या नावावर हरकत घेणाऱ्याचे स्वतःचे नाव त्याच मतदारसंघाच्या यादीत असावे लागते, आणि ज्याच्या नावाला हरकत आहे त्याला नोटीस देऊन म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय त्याचे नाव काढता येत नाही.

लग्न होऊन आलेल्या स्त्रियांसाठी

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या तयार होत असताना देशभरात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गळाली, कारण त्यांची नोंद ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशी झाली होती आणि त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नव्हते. हा इतिहास मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांतला आहे. परंतु आपल्याकडे दुसऱ्या वाटेने तसेच काहीसे आजही घडते. मुलीचे नाव माहेरच्या यादीत असते, लग्नानंतर ती सासरी येते, आणि पुढची सात-आठ वर्षे तिचे नाव कोठे आहे याचा विचार ना माहेरचे करतात ना सासरचे. दरम्यान माहेरच्या बीएलओने ‘विवाह होऊन स्थलांतरित’ असा शेरा मारून रीतसर प्रक्रियेने नाव कमी केलेले असते, आणि नोटीस ज्या पत्त्यावर गेली तेथे ती राहतच नसते.

अशा स्त्रीने प्रथम माहेरच्या यादीत आपले नाव अजून आहे का ते शोधावे. असेल तर जुना ओळखपत्र क्रमांक देऊन नमुना ८मध्ये ‘स्थलांतर’ निवडावे. ओळखपत्राचा क्रमांक, म्हणजे तीन अक्षरे आणि सात अंक, शक्यतो तोच राहतो. लग्नानंतर नाव बदलले नसेल तर ते बदलण्याची काहीही सक्ती नाही; यादीत माहेरचे नाव आणि सासरचा पत्ता एकत्र असू शकतात. नाव बदलले असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र, किंवा नव्या नावाचे आधार अथवा पारपत्र जोडून नावाची दुरुस्ती मागावी. पत्त्यासाठी तिच्या स्वतःच्या नावावर वीजबिल असण्याची गरज नाही. पती किंवा सासूसासरे त्याच पत्त्यावर मतदार असतील, तर घरातल्या माणसाच्या नावावरच्या पुराव्याच्या आणि त्याच्या मतदार नोंदीच्या आधारे पडताळणी होते. माहेरचे नाव आधीच कमी झालेले असेल, तरच नमुना ६ भरावा.

सासरच्या मंडळींना माझी विनंती आहे, की रेशन कार्डात सुनेचे नाव चढवण्याची जी तत्परता आपण दाखवतो, तीच या कामात दाखवावी.

अर्ज भरताना

अर्ज मतदार सेवा पोर्टलवर किंवा निवडणूक आयोगाच्या मोबाइल ॲपवर घरबसल्या भरता येतो. ज्यांना ते जमत नाही त्यांना बीएलओकडे, तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत किंवा मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या कार्यालयात कागदी अर्ज देता येतो. नोंदणीला शुल्क नाही. अर्ज भरून देणाऱ्याने स्वतःच्या कामाचे पैसे घेतले तर तो वेगळा व्यवहार आहे, सरकारी फी म्हणून कोणी पैसे मागितले तर ते देऊ नयेत. माहितीसाठी १९५० हा दूरध्वनी क्रमांक आहे.

ऑनलाइन अर्जात इंग्रजीत नाव टाइप केले की शेजारी मराठी नाव आपोआप उमटते, आणि बहुतेक चुका तेथे होतात. चौगुलेंचे ‘चौगूले’, मगदूमांचे ‘मागदुम’, पाटलांचे ‘पाटिल’ झालेले मी शेकड्यांनी पाहिले आहे. छापील यादी मराठी असते, म्हणून मराठी नाव अक्षर न् अक्षर वाचून, चुकले असेल तर तेथेच दुरुस्त करून मगच पुढे जावे. वडिलांचे किंवा पतीचे नावही तितक्याच काळजीने लिहावे, कारण आपल्या गावांतून एकाच नावाचे आणि एकाच आडनावाचे पाच-सहा मतदार एका यादी भागात सहज सापडतात आणि त्यांच्यातला फरक त्या रकान्यावरूनच कळतो. घरातल्या एखाद्या मतदाराचा ओळखपत्र क्रमांक अर्जात दिला तर सगळ्या कुटुंबाची नावे एकाच भागात येण्यास मदत होते. छायाचित्र अलीकडचे, रंगीत, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे आणि चेहरा समोरून पूर्ण दिसणारे हवे.

वयाच्या पुराव्यासाठी जन्माचा दाखला, आधार, पॅन कार्ड, वाहन चालविण्याचा परवाना, जन्मतारीख असलेले दहावी-बारावीचे मंडळाचे प्रमाणपत्र किंवा पारपत्र चालते. यांपैकी काहीच नसेल तर दुसरा कागद जोडून त्याचे नाव अर्जात लिहावे लागते. पत्त्यासाठी त्या पत्त्यावरचे किमान एक वर्षाचे पाणी, वीज किंवा गॅसचे बिल, आधार, बँकेचे अथवा टपाल खात्याचे चालू पासबुक, पारपत्र, महसूल खात्याचा जमिनीचा उतारा, नोंदणीकृत भाडेकरार किंवा नोंदणीकृत खरेदीखत यांपैकी एक लागते. लोक पहिल्यांदा रेशन कार्ड आणि घरपट्टीची पावती घेऊन येतात. ही दोन्ही सध्याच्या नमुना ६च्या यादीत नाहीत, हे घरून निघण्यापूर्वी लक्षात ठेवावे. तसेच, एखाद्या विशेष सखोल पुनरीक्षणाची, म्हणजे घरोघरी जाऊन सगळी यादी नव्याने तपासण्याची मोहीम जाहीर झाल्यास तिच्या कागदपत्रांची यादी निराळी असू शकते, तेव्हा त्या वेळी त्या मोहिमेची सूचना वाचावी.

भाडेकरूंची अडचण खरी आहे. शहरातले कितीतरी भाडेव्यवहार तोंडी किंवा साध्या मुद्रांक कागदावर चालतात आणि नोंदणीकृत करार करून द्यायला मालक तयार होत नाही. यादीतला एकही कागद नसला तरी अर्ज करता येतो. मिळेल तो पत्त्याचा कागद जोडावा आणि मग प्रत्यक्ष जागेवरची पडताळणी अनिवार्य होते. बीएलओ घरी येतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो आणि अहवाल देतो. मालकाच्या संमतीची अट कायद्यात नाही, आणि भाडेकरूने नाव नोंदवले म्हणून घरावर त्याचा कोणताही हक्क निर्माण होत नाही. घरमालकांनी ही भीती मनातून काढून टाकावी.

आधार क्रमांक देणे ऐच्छिक आहे. तो देता आला नाही एवढ्याच कारणाने अर्ज फेटाळता येत नाही. आधार हा वय आणि पत्त्याचा पुरावा आहे. नागरिकत्वाबद्दल अर्जदार स्वतंत्र प्रतिज्ञा करतो.

आपला मतदारसंघ कोणता

जिल्ह्यात बारा तालुके आणि दहा विधानसभा मतदारसंघ आहेत, आणि त्यांच्या सीमा एकमेकींशी जुळत नाहीत. ‘करवीर’ हे तालुक्याचे नाव आहे आणि एका मतदारसंघाचेही. परंतु करवीर तालुक्याचा काही भाग कोल्हापूर दक्षिणमध्ये आहे, तर करवीर मतदारसंघात पन्हाळ्याचा काही भाग आणि संपूर्ण गगनबावडा तालुका येतो. गडहिंग्लज तालुका चंदगड आणि कागल या मतदारसंघांत विभागला आहे. म्हणून अर्जात तालुक्यावरून अंदाजाने मतदारसंघ निवडू नये. शेजाऱ्याच्या ओळखपत्रामागचा मतदारसंघ पाहावा किंवा पोर्टलवर गावाच्या नावाने शोधावे. चुकीच्या मतदारसंघात गेलेला अर्ज तेथला बीएलओ ‘पत्ता सापडत नाही’ म्हणून परत पाठवतो आणि आपले महिने वाया जातात. प्रत्येक मतदारसंघाला एक मतदार नोंदणी अधिकारी असतो, बहुधा प्रांताधिकारी दर्जाचा, आणि त्याच्या हाताखाली तहसीलदार सहायक म्हणून काम पाहतात.

अर्जानंतर

अर्ज दाखल झाला की संदर्भ क्रमांक मिळतो. तो लिहून ठेवावा. अर्जदारांची यादी प्रसिद्ध होऊन हरकतींसाठी सात दिवस जातात, बीएलओ पडताळणी करतो आणि नोंदणी अधिकारी निर्णय देतो. बीएलओ आला तेव्हा घराला कुलूप होते, फोन लागला नाही आणि अर्ज फेटाळला गेला, असे प्रसंग पुष्कळ आहेत. आपल्या भागाच्या बीएलओचे नाव व क्रमांक पोर्टलवर दिसतो. दिवसभर घरी कोणी नसेल तर अर्ज केल्यावर त्याला स्वतः फोन करून वेळ सांगावी. तोही शाळा किंवा अंगणवाडी सांभाळून फिरत असतो.

अर्ज फेटाळला गेला तर कारण विचारावे, कारण ते कळवणे बंधनकारक आहे. निर्णयाविरुद्ध १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते, आणि तेथेही समाधान न झाल्यास ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरे अपील. बहुतेक वेळा अपिलाची गरज पडत नाही. राहिलेला कागद जोडून नव्याने केलेला अर्ज मंजूर होतो.

वेळेचा हिशेब मात्र काटेकोर आहे. लोकसभा-विधानसभेसाठी उमेदवारी अर्जाच्या अखेरच्या दिनांकानंतर त्या मतदारसंघाच्या यादीत नाव घालता किंवा काढता येत नाही, आणि पडताळणीला लागणारे दिवस धरले तर प्रत्यक्षात त्याच्या निदान दहा-बारा दिवस आधी अर्ज पोहोचायला हवा. महापालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, परंतु तो स्वतंत्र यादी करत नाही. ठरवलेल्या दिनांकाला अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी प्रभागांनुसार विभागून घेतो. प्रारूप प्रभाग यादीवर हरकत घेऊन चुकीच्या प्रभागात गेलेले नाव दुरुस्त होते, नवे नाव त्या टप्प्यावर घालता येत नाही. प्रभाग रचनेच्या चर्चा ऐन रंगात आल्यावर तालमीच्या कट्ट्यावर बसून “माझं नाव घाला” म्हणणाऱ्यांची दर वेळी निराशा होते ती यामुळे.

विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांची यादी मात्र पूर्ण वेगळी असते आणि ती प्रत्येक निवडणुकीपूर्वी नव्याने केली जाते, म्हणजे मागच्या वेळी नाव होते तरी पुन्हा अर्ज करावाच लागतो. कोल्हापूर जिल्हा पुणे विभागाच्या मतदारसंघांत येतो. १ नोव्हेंबर या अर्हता दिनांकापूर्वी किमान तीन वर्षे पदवी मिळालेली असल्यास नमुना १८, आणि माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत मागील सहा वर्षांत किमान तीन वर्षे शिकवलेले असल्यास नमुना १९ भरायचा असतो. विधानसभेच्या यादीतले नाव यामुळे बदलत नाही.

दरवर्षीच्या संक्षिप्त पुनरीक्षणात साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरला प्रारूप यादी आणि जानेवारीत अंतिम यादी प्रसिद्ध होते. प्रारूप यादी मतदान केंद्रावर आणि संकेतस्थळावर पाहायला मिळते. तीत केवळ स्वतःचे नाव पाहून थांबू नये. घरातल्या प्रत्येकाचे नाव, वय, लिंग आणि घर क्रमांक वाचावा, आणि शेवटी जोडलेल्या पुरवणीत वगळलेल्या नावांचा भागही वाचावा, कारण आपले नाव चुकून कमी झाले असेल तर ते तेथेच सापडते आणि दावे-हरकतींची मुदत संपायच्या आत अर्ज करून परत घालता येते.